दोन रेझिस्टर बदलले आणि आवाज बदलला? एका दाव्याची चिकित्सा

संशोधनाची तयारी करणाऱ्या बहुतेकांना एक अडचण हमखास येते. शोधनिबंध वाचून समजतो, पण त्यावर टीका करता येत नाही. छापून आलंय, आकडे आहेत, आलेख आहेत, म्हणजे बरोबरच असणार असं वाटत राहतं. मग मुलाखतीत कुणी विचारलं की "या निबंधातला कच्चा दुवा कोणता?", तर आपण गप्प.

म्हणून आज शोधनिबंध बाजूला ठेवू. असा एक दावा घेऊ जो कुठल्याही विद्यापीठातला नाही, पण जगभरचे गिटारवादक तो पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सांगत आलेत. त्याची चिकित्सा करायला शाळेतला ओहमचा नियम आणि थोडं डोकं पुरतं. आणि गंमत म्हणजे, या एका दाव्यात संशोधनातल्या जवळजवळ सगळ्या नेहमीच्या चुका एकत्र भेटतात.

दावा नेमका काय आहे?

ज्यांना गिटारच्या पेडलशी कधी काम पडलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये पायाने चालू-बंद करायची एक डबी ठेवतात. ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणजे सिग्नल मुद्दाम इतका वाढवायचा की त्याचे माथे छाटले जातील, आणि त्यातून तो खरखरीत, भरलेला आवाज काढायचा. या जातीतली सर्वांत गाजलेली डबी म्हणजे आयबनेझ कंपनीची हिरवी ट्यूब स्क्रीमर. तिचं टीएस-८०८ हे रूप १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलं, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची जागा टीएस-९ ने घेतली. स्टीव्ही रे वॉनसारख्या वादकाने ही पेडल वापरली आणि जुन्या टीएस-८०८ ला देव्हाऱ्यात जागा मिळाली.

आता दावा असा: टीएस-८०८ चा आवाज 'मऊ' आणि 'गोड' आहे, टीएस-९ चा जरा 'कडक' आणि 'टोकदार'. दोघांच्या सर्किटमध्ये फरक काय? मुख्य फरक अगदी शेवटी, बाहेर पडण्याच्या जागी आहे, आणि तो दोन रेझिस्टरचा आहे. टीएस-८०८ मध्ये १०० ओहम आणि १० किलोओहम, टीएस-९ मध्ये ४७० ओहम आणि १०० किलोओहम. त्यामुळे टीएस-९ उघडा, हे दोन रेझिस्टर बदला, आतली ऑप-अँपची चिप काढून जेआरसी-४५५८डी बसवा, की झालं तुमचं टीएस-८०८. याला '८०८ मॉड' म्हणतात. काही लोक स्वतः सोल्डर करतात, काही पैसे देऊन करून घेतात.

वाचताना पहिला प्रश्न इथेच विचारायचा. हा एक दावा आहे की तीन? बघा:

१. मूळ टीएस-८०८ आणि टीएस-९ यांचा आवाज वेगळा असतो.
२. तो फरक या दोन रेझिस्टरमुळे आणि चिपमुळे पडतो.
३. म्हणून हे भाग बदलले की टीएस-९ चा आवाज टीएस-८०८ सारखा होतो.

पहिलं विधान खरं असू शकतं आणि दुसरं तरीही खोटं असू शकतं. पहिलं आणि तिसरं दोन्ही लोकांना अनुभवाने खरं वाटू शकतं, पण त्यातून दुसरं सिद्ध होत नाही. निबंध वाचताना ही फोड करायची सवय लावा. 'फरक आढळला' आणि 'अमुक कारणाने फरक पडला' यांच्या मधे मोठी दरी असते, आणि बहुतेक निबंध ती एकाच वाक्यात ओलांडून जातात.

आधी यंत्रणा समजून घ्या

गिटारचा सिग्नल आत शिरला की आधी एका ट्रान्झिस्टरच्या बफरमधून जातो. मग येतो मुख्य टप्पा: ऑप-अँप, आणि त्याच्या फीडबॅकच्या वाटेत उलट-सुलट जोडलेले दोन सिलिकॉन डायोड. सिग्नल लहान असला की डायोड झोपलेले असतात आणि ऑप-अँप सिग्नल भरपूर वाढवतो. वाढलेला भाग साधारण ०.६ व्होल्टच्या पुढे गेला की डायोड जागे होतात, गेन झपकन खाली येतो आणि माथा गोलसर छाटला जातो. या रचनेत गेन एकाच्या खाली जात नाही. म्हणजे मूळ स्वच्छ सिग्नल छाटलेल्या सिग्नलवर बेरजेने स्वार असतोच. ट्यूब स्क्रीमरमध्ये बोटांचा जोर 'कळतो' असं वादक म्हणतात, त्यामागे हे एक ठोस कारण आहे.

याच टप्प्यात एक ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आहे. दोघांचा हिशोब केला तर ७२० हर्ट्झ येतात. त्याच्या खालच्या स्वरांना गेन कमी कमी मिळत जातो. म्हणून या पेडलमध्ये खर्ज कमी छाटला जातो आणि मधला पट्टा पुढे येतो. पुढे १ किलोओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडची जोडी आहे. तिचा हिशोब सुमारे ७२३ हर्ट्झवर येतो, आणि ती वरचा कर्कशपणा कापते. मग टोन, मग लेव्हल, मग आणखी एक ट्रान्झिस्टर बफर, आणि सगळ्यात शेवटी आपले ते दोन प्रसिद्ध रेझिस्टर.

एवढं वाचल्यावर तुमच्या मनात शंका यायला हवी. माथे छाटण्याचं, खर्ज आवरण्याचं, टोक कापण्याचं सगळं काम आधीच झालेलं आहे. स्वयंपाक होऊन ताट वाढून झालंय. मग दारातल्या या दोन रेझिस्टरनी चव बदलायची म्हणजे ते नेमकं करतात तरी काय?

पाच मिनिटांची आकडेमोड

कागद घ्या. एक रेझिस्टर सिग्नलच्या वाटेत आहे, दुसरा सिग्नलपासून जमिनीकडे. हा साधा व्होल्टेज डिव्हायडर झाला.

टीएस-८०८ : १०,००० भागिले १०,१००, म्हणजे सुमारे ०.९९०. डेसिबलमध्ये उणे ०.०८६.
टीएस-९ : १,००,००० भागिले १,००,४७०, म्हणजे सुमारे ०.९९५. डेसिबलमध्ये उणे ०.०४१.

फरक किती? ०.०५ डेसिबलपेक्षाही कमी. पुढे अँप्लिफायरचा नेहमीचा १ मेगओहमचा इनपुट जोडला तरी हा आकडा फारसा हलत नाही. आवाजाच्या पातळीतला साधारण एक डेसिबलचा फरक माणसाला कळतो. अगदी आदर्श परिस्थितीत त्याच्या काही अंशापर्यंत कान पोचतो. ०.०५ हा त्याच्याही बराच खाली आहे. शिवाय हा फरक सगळ्या स्वरांना सारखाच लागू होतो, त्यामुळे 'मऊ' किंवा 'कडक' व्हायला त्यात काही नाही.

"पण केबलची कपॅसिटन्स?" चांगला प्रश्न. पाच मीटर केबलची कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड धरू. ४७० ओहमबरोबर तिचा कट-ऑफ सहाशे किलोहर्ट्झच्या पुढे जातो. आपले कान वीस किलोहर्ट्झला थांबतात. वटवाघूळसुद्धा तिथे पोचत नाही.

यातून तुम्ही उचलायची गोष्ट ही: कुठलाही परिणाम तपासायला घेण्याआधी तो किती मोठा असू शकतो याचा अंदाज बांधा. प्रयोगशाळेत जाण्याआधी, सॉफ्टवेअर उघडण्याआधी, पाठीमागच्या पानावर. पीएचडीची चार वर्षं ०.०५ डेसिबलच्या मागे घालवणं अजिबात अवघड नसतं. ती कशी गेली हे शेवटच्या वर्षी कळतं.

आता चिप

चिपबद्दलचा दावा जरा जास्त भारदस्त आहे, कारण चिप हा सर्किटचा 'मेंदू' वाटतो. काही जुन्या टीएस-९ मध्ये वेगळ्या क्रमांकाच्या चिप सापडतात हेही खरं. मग इथे परिणाम मोठा असू शकतो का?

४५५८ जातीच्या ऑप-अँपची गेन आणि बँडविड्थ मिळून मर्यादा सुमारे ३ मेगाहर्ट्झ. ट्यूब स्क्रीमरमध्ये ड्राइव्ह पूर्ण फिरवला की गेन सुमारे ११८ होतो (५५१ किलोओहम भागिले ४.७ किलोओहम, अधिक एक). ३ मेगाहर्ट्झ भागिले ११८ म्हणजे सुमारे २५ किलोहर्ट्झ. पण त्याच फीडबॅकमध्ये ५१ पिकोफॅरडचा एक कॅपॅसिटर बसलाय आणि तो ड्राइव्ह पूर्ण असताना ५.७ किलोहर्ट्झपासूनच गेन खाली आणायला लागतो. म्हणजे चिपची मर्यादा सुरू होण्याच्या खूप आधी सर्किटने स्वतःच दार लावून घेतलेलं असतं.

वेगाचं काय? ४५५८ चा स्ल्यू रेट सुमारे १ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. टीएल-०७२ चा १३. ऐकायला केवढा फरक! पण इथे एक व्होल्टच्या आसपासचा सिग्नल आहे. तो वीस किलोहर्ट्झला पूर्ण हलवायला लागतात फक्त ०.१३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. दोन्ही चिपांना ते हसत जमतं. हे म्हणजे गल्लीतून दूध आणायला कुठली गाडी वेगवान यावर वाद घालणं झालं. आणि इनपुट इम्पीडन्स? ऑप-अँपच्या इनपुटवर १० किलोओहमचा बायस रेझिस्टर बसलेला आहे. चिप कुठलीही असो, आधीच्या टप्प्याला दिसतो तो हा रेझिस्टर.

इथे निबंधांमध्ये वारंवार दिसणारी एक चलाखी आहे. दोन वस्तूंच्या माहितीपत्रकातले आकडे शेजारी ठेवायचे, १ आणि १३ हा फरक दाखवायचा, आणि वाचकाने तो परिणामाचा फरक समजावा अशी सोय करायची. घटकाच्या गुणधर्मातला फरक आणि त्या जागी त्याने होणारा फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला माहितीपत्रकात मिळतो. दुसरा शोधावा लागतो.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो कुठून?

इथे थांबून "सगळा भ्रम आहे" म्हणायचा मोह होतो. थांबा. आधी हे पाहा की मॉड करताना आणखी काय काय बदलतं.

*पहिलं, काळ.* पेडल वाजवलं, उघडलं, जुना भाग काढला, नवा बसवला, पुन्हा वाजवलं. सहज अर्धा तास गेला. आवाजाचे बारकावे कानात इतका वेळ टिकत नाहीत. तुम्ही नव्या आवाजाची तुलना जुन्या आवाजाशी करत नाही, जुन्या आवाजाबद्दलच्या स्वतःच्या शब्दांशी करता.

*दुसरं, बटणं.* ड्राइव्ह, टोन आणि लेव्हल ही तिन्ही बटणं पेडल उघडताना हलतात. केसभर फिरलेलं लेव्हलचं बटण ०.०५ पेक्षा कितीतरी जास्त डेसिबल देतं. आणि जरा मोठा आवाज बऱ्याचदा 'जास्त चांगला' वाटतो, 'जास्त मोठा' नाही. कानाची संवेदनशीलता पातळीनुसार आणि स्वरानुसार बदलते हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मांडलं होतं.

*तिसरं, हात.* दोन्ही वेळा वाजवणारा माणूसच आहे. नवी वस्तू हातात आली की आपण वेगळं वाजवतो. जास्त मन लावून, जास्त आवडीची फ्रेझ.

*चौथं, जगातली नैसर्गिक विविधता.* हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ड्राइव्हचा पॉट ५०० किलोओहमचा असतो, पण अशा पॉटचा टॉलरन्स सर्रास २० टक्के असतो. म्हणजे प्रत्यक्षात तो ४०० ही असू शकतो आणि ६०० ही. पूर्ण ड्राइव्हवर गेन मोजा: ४०० ला सुमारे ९७, ६०० ला सुमारे १४०. हा फरक तीन डेसिबलहून जास्त आहे. म्हणजे एकाच दिवशी, एकाच पट्ट्यावर तयार झालेल्या दोन टीएस-९ मध्ये जितका फरक असू शकतो, त्यापुढे त्या दोन रेझिस्टरचा फरक नगण्य आहे. त्यात जुन्या पेडलमधले भाग चाळीस वर्षांत सरकलेले असतात ते वेगळंच. कुणी एक जुनं टीएस-८०८ आणि एक नवं टीएस-९ शेजारी ठेवून "बघा, फरक आहे" म्हणत असेल, तर तो फरक खरा असू शकतो. पण तो *त्या दोन डब्यांमधला* फरक आहे, दोन *मॉडेलांमधला* नाही.

तुमच्या क्षेत्रात हेच कुठे दिसतं ते शोधा. दोन शाळांमधला फरक दोन अध्यापन-पद्धतींमधला फरक म्हणून मांडलेला. दोन शेतांमधला फरक दोन बियाण्यांमधला फरक म्हणून मांडलेला. एका गटातली अंतर्गत विविधता सांगितल्याशिवाय दोन गटांमधल्या फरकाला काही अर्थ नसतो.

संशयवाद्यांचा आळस

आता दुसऱ्या बाजूलाही तेवढंच कडक बोलायला हवं. कारण "सगळा प्लासिबो आहे" असं म्हणणारेही बहुतेक वेळा काही तपासत नाहीत.

एक. वरचा ०.०५ डेसिबलचा हिशोब मी *एका गृहीतकावर* केला: पुढे अँप्लिफायरचा मोठा इम्पीडन्स आहे. पण पेडलच्या पुढे काही किलोओहम इम्पीडन्सचं जुन्या धाटणीचं फझ पेडल असेल तर? ५ किलोओहम धरून पुन्हा गणित करा. टीएस-८०८ ला उणे ०.२६, टीएस-९ ला उणे ०.८२. फरक अर्ध्या डेसिबलच्या पुढे गेला. शिवाय फझ पेडलचं वागणं आधीच्या इम्पीडन्सवर अवलंबून असतं. तेव्हा दावा 'चूक' आहे असं नाही. तो एका परिस्थितीत रिकामा आहे आणि दुसऱ्या परिस्थितीत तपासण्याजोगा आहे. चांगली टीका दाव्याची हद्द आखून देते. नुसता शिक्का मारणं सोपं असतं.

दोन. लहान भाग म्हणजे लहान परिणाम असा नियम नाही. तानपुऱ्याकडे बघा. मिरजेच्या कारागिरांपासून मैफलीतल्या गायकापर्यंत सगळ्यांना माहीत आहे की घोडीवर तारेखाली सरकवलेला सुताचा एक धागा जवारी उघडतो किंवा मिटवतो. दोरा जरा सरकला की अख्खा तानपुरा वेगळा बोलतो. बाहेरच्या माणसाला हे अंधश्रद्धेसारखं वाटेल. पण सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवलं की इथे खरंच काहीतरी वेगळं घडतं: ज्या बिंदूवर तार छेडली, तिथे ज्यांचा निस्पंद येतो ते स्वरांश यंग-हेल्महोल्ट्झ नियमानुसार ऐकूच यायला नकोत, आणि तानपुऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात. कारण पसरट घोडीवर तार टेकते-सुटते, आणि दोरा नेमका त्या टेकण्याच्या जागेवर काम करतो.

कारागिराचं म्हणणं इथे बरोबर निघालं. का? कारण दोरा यंत्रणेच्या नाजूक जागी आहे. भाग केवढा आहे, किती रुपयांचा आहे, हे मोजमापच नव्हे. तो कुठे बसलाय ते विचारा.

ट्यूब स्क्रीमरमधला 'सुताचा धागा' कुठे आहे?

हाच प्रश्न पेडलला विचारला तर उत्तरं लगेच मिळतात.

तो ०.०४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर काढून ०.१ चा लावा. ७२० हर्ट्झचे ३३९ हर्ट्झ होतात. म्हणजे सप्तकाहून जास्त खाली. आता गिटारच्या खालच्या तारांनाही भरपूर गेन मिळतो आणि त्याही छाटल्या जातात. आवाज भरीव होतो, आणि अतिरेक झाला तर गढूळ. हा बदल ऐकू यायला सोन्याचे कान लागत नाहीत.

डायोडच्या जोडीत एका बाजूला आणखी एक डायोड जोडा. वरचा आणि खालचा माथा आता सारखा छाटला जात नाही. सममित छाटणीत विषम हार्मोनिक मिळतात, असममित छाटणीत सम हार्मोनिकही उमटतात. बॉस कंपनीच्या एसडी-१ मध्ये अशीच असममित रचना आहे.

डायोडच्या जागी लाल एलईडी लावा. ०.६ च्या जागी साधारण १.७ व्होल्टला छाटणी सुरू होते. छाटणी उशिरा, आवाज मोकळा. पण सावधान! पातळीही कितीतरी डेसिबलने वाढते. "एलईडीमुळे आवाज जिवंत झाला" असं कुणी म्हणालं, तर त्यातला किती जिवंतपणा छाटणीचा आणि किती नुसत्या वाढलेल्या पातळीचा, हे वेगळं केल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणजे जो बदल निश्चित काम करतो, त्यातसुद्धा कारण वेगळं काढावं लागतं.

हे सगळे भाग मिळून पन्नास रुपयांचेही नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ एका दुकानात मिळतील. त्यामुळे माझी खरी तक्रार मॉड करणाऱ्यांबद्दल नाही. स्वतः डबी उघडून सर्किट बघणारा माणूस मला नुसत्या विकत घेणाऱ्यापेक्षा कधीही जवळचा. तक्रार ही आहे की ज्या बदलाला एका मान्यवर मॉडेलचं *नाव* आहे तो प्रसिद्ध झाला, आणि ज्या बदलांना *यंत्रणा* आहे ते मागे राहिले. संशोधनातही असं होतं. मोठ्या नावाला चिकटलेला कमकुवत विषय हातोहात खपतो.

समजा, तपासायचंच ठरवलं

प्रकल्प म्हणून हे करायचं तर मी असं करेन.

गिटार एकदाच वाजवून, पेडलशिवाय, थेट रेकॉर्ड करायची. तोच सिग्नल दोन्ही स्थितींतून खेळवायचा. हाताचा प्रश्न मिटला. एकाच पेडलमध्ये दोन्ही रेझिस्टर-जोड्या स्विचवर बसवायच्या. पॉटच्या टॉलरन्सचा, बटणांचा आणि काळाचा प्रश्न मिटला. दोन्ही रेकॉर्डिंगची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवायची. मग एबीएक्स चाचणी: ऐकणाऱ्याला 'अ' आणि 'ब' ऐकवायचे, मग एक अनोळखी 'क्ष', आणि विचारायचं की हा दोघांपैकी कोणता? ही पद्धत मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये मांडली आणि आजही तिच्यासारखी साधी पद्धत नाही. ऐकवणाऱ्यालाही उत्तर माहीत नसावं.

१६ वेळा विचारलं आणि १२ बरोबर आली, तर निव्वळ नशिबाने असं होण्याची शक्यता ३.८ टक्के. १० पैकी ८ बरोबर? ५.५ टक्के. म्हणजे "दहापैकी आठ वेळा ओळखलं!" हे वाटतं तितकं पक्कं नाही.

पण उलट बाजूही बघा. समजा एखाद्याला खरोखरच फरक कळतो आणि तो ७० टक्के वेळा बरोबर ओळखतो. त्याला १६ पैकी १२ चा उंबरठा गाठता येण्याची शक्यता किती? सुमारे ४५ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा तुमची चाचणी एका खऱ्या कानाला नापास करेल, आणि तुम्ही लिहाल, "फरक आढळला नाही." *आढळला नाही* आणि *नाही* यांच्यातला फरक प्रबंधाच्या प्रत्येक पानावर सांभाळावा लागतो. उपाय ठरलेला: चाचण्या वाढवा, आणि किती लागतील ते *आधी* ठरवा.

टीका झाल्यावर प्रयोग कसा सुधारतो याचं एक सुंदर उदाहरण व्हायोलिनचं आहे. क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिस इथे २१ व्हायोलिनवादकांना सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी आणि अतिमूल्यवान, त्यात स्ट्राडिव्हारीही होती. डोळ्यांवर काहीच नीट दिसू नये असे गॉगल. घरी न्यायला कुठलं आवडेल असं विचारल्यावर फक्त ८ जणांनी जुनं निवडलं. २०१२ मध्ये हे छापून आल्यावर टीका झाली: हॉटेलच्या खोलीत व्हायोलिन कळतं का? एवढ्या थोड्या वेळात कळतं का? सहाच वाद्यं? त्यावर हुज्जत न घालता त्यांनी पुन्हा प्रयोग केला. या वेळी १० एकलवादक, १२ व्हायोलिनं, जास्त वेळ, आणि एक खरं सभागृह. तो निबंध २०१४ मध्ये आला आणि निष्कर्षाचा कल तसाच राहिला. टीकाकारांचे मुद्दे रास्त होते, आणि त्या मुद्द्यांमुळेच निष्कर्ष पहिल्यापेक्षा भक्कम झाला. टीकेने घाबरू नका असं मी म्हणते ते यासाठी.

तुमच्यासाठी

पुढचा निबंध हातात घ्याल तेव्हा समासात एवढे प्रश्न लिहून बघा:

- हा एक दावा आहे की एकात गुंडाळलेले तीन?
- सांगितलेलं कारण यंत्रणेत नेमकं कुठे बसतं? तिथून परिणाम केवढा होऊ शकतो?
- कारणाबरोबर आणखी काय बदललं?
- एकाच गटातली विविधता किती, आणि ती दाव्यातल्या फरकापेक्षा मोठी तर नाही?
- दावा कुठल्या परिस्थितीत खरा ठरेल? लेखकाने ती हद्द सांगितलीय का?
- "फरक नाही" म्हटलंय तिथे, फरक असता तर तो सापडला असता का?

आणि एक सातवा, स्वतःसाठी. गिटारवादकाला जे ऐकू आलं ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. त्याचा अनुभव खोटा नाही, त्याने दिलेलं कारण कच्चं आहे. टीका लिहिताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या, तर ज्याच्यावर टीका केली तोसुद्धा तुमचं म्हणणं ऐकून घेईल. व्हायव्हाच्या दिवशी तुम्हीही परीक्षकांकडून एवढ्याचीच अपेक्षा कराल.